लोणार : दगड ज्वालामुखीचा, खड्डा आकाशाचा

वाशिम जिल्ह्यातील शिरपूर येथे श्री अंतरिक्ष पार्श्वनाथ प्रभूंच्या दर्शनाला जाणारी अनेक कुटुंबे परतीच्या वाटेवर लोणारला थांबतात. विवराच्या काठावर गाडी उभी राहते, सगळे खाली उतरतात, हिरवट पाण्याचे एक छायाचित्र निघते आणि पंधरा मिनिटांत गाडी मेहकर किंवा जालन्याच्या रस्त्याला लागते. गाडीत मुले विचारतात, हा एवढा मोठा खड्डा कसा झाला? कोणी वडीलधारे सांगतात, ‘ज्वालामुखीचा आहे.’ कोणी म्हणते, ‘नाही, उल्का पडली होती.’ चर्चा तिथेच संपते.

वस्तुतः या दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे, आणि तो कोणता हे समजण्यासाठी लोणारला पंधरा मिनिटे पुरत नाहीत. किमान अर्धा दिवस हवा, पायात चांगले बूट हवेत आणि दगडांची ओळख असलेला एक वाटाड्या बरोबर हवा. गावात असे मार्गदर्शक मिळतात. त्यांच्यातील जाणती माणसे काठावर उभे राहून पुराणातील लवणासुराची कथा सांगतात, आणि तितक्याच आस्थेने पायाखालचा कातळही वाचून दाखवतात. त्यांच्याबरोबर काठावरून तळ्यापर्यंत उतरणे आणि पाण्याच्या कडेने फिरून पुन्हा वर येणे म्हणजे महाराष्ट्राच्या भूशास्त्राचा पहिला धडाच होय.

हा धडा काठावरच सुरू होतो. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. काठावरून तळ्याची खोली दीडशे मीटरच्या जवळपास, म्हणजे चाळीसहून अधिक मजल्यांची इमारत आत उभी केली तरी तिचे छप्पर कसेबसे काठाला लागेल. भोवतालच्या सपाट शेतजमिनीपेक्षा हा काठ वीस-तीस मीटर उंच आहे. बाहेरून येताना हा चढ फारसा जाणवत नाही; वाटाड्याने मागे वळून बघायला सांगितले की मात्र आपण एका गोल बांधावर उभे आहोत हे ध्यानात येते. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे पुराव्यात तिचे काम पडते.

येथील कातळ काळा आहे. शास्त्रीय भाषेत तो बसाल्ट. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग याच दगडाचा आहे. सह्याद्रीचे कडे, रायगड-राजगडाचे माथे, वेरूळची लेणी आणि तेथील इंद्रसभेसह जैन लेणी, जुन्या वाड्यांची जोती, घराघरांतील पाटा-वरवंटा हे सर्व त्याच लाव्ह्याचे देणे. ज्या काळ्या मातीने विदर्भ-मराठवाड्यात कापूस पिकवला आणि ज्या कापसावर आपल्या समाजातील कित्येक पेढ्या उभ्या राहिल्या, ती मातीही याच दगडाचा झिजून झालेला भुगा आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा वाहू लागला. चित्रात दिसतो तसा शंकूच्या आकाराचा, धूर ओकणारा डोंगर येथे डोळ्यांपुढे आणू नये. दूध उतू जाऊन ओट्यावर पसरावे तसा हा लाव्हा पसरत गेला. एक थर थंड झाला की काही काळाने त्यावर दुसरा. यातील बहुतांश लाव्हा दहा लाख वर्षांहूनही कमी काळात बाहेर पडला, असे अलीकडचे मापन सांगते. आज उरलेला त्याचा विस्तार पाच लाख चौरस किलोमीटरच्या घरात आहे. सह्याद्रीत या थरांची एकत्रित जाडी दोन किलोमीटरहून अधिक भरते. लोणारकडे ती सहाशे-सातशे मीटर आहे. भूशास्त्रात या प्रदेशाला ‘दख्खन ट्रॅप’ म्हणतात. यातील ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा नव्हे. जिन्याची पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून ते नाव आले. घाटातून जाताना डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते याच थरांमुळे.

लोणारची वाट खाली उतरू लागली की या पायऱ्या आतून पाहायला मिळतात. विवराच्या भिंतीत पाच-सहा लाव्हाप्रवाह एकावर एक रचलेले दिसतात. कोणता पाच मीटर जाडीचा, कोणता तीस. थराचा मधला भाग घट्ट, जड आणि काळाशार असतो, तर माथा सच्छिद्र आणि पिठूळ. कढईत पाक उकळताना बुडबुडे वर येतात तसे लाव्ह्यातील वायूचे बुडबुडे वर आले आणि लाव्हा थिजल्यावर त्यांची भोके तेवढी राहिली. पुढे लाखो वर्षे पाणी झिरपून काही भोकांत पांढरी, हिरवट खनिजे भरली. वाटाड्या असा एखादा दगड दाखवून म्हणतो, ‘काका, हा हातात घेऊन बघा, पण परत जागेवर ठेवा.’ अजिंठा-जळगाव परिसरातील खाणींतून निघणारे आणि जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले झिओलाइटचे सुंदर स्फटिक याच घराण्यातले.

दोन थरांच्या सांध्यात कुठे कुठे विटकरी मातीची पट्टी दिसते. एक प्रवाह थंड झाल्यावर दुसरा येण्यापूर्वी जो काळ गेला, त्यात वरचा दगड ऊनपावसाने कुजला आणि त्याची माती झाली. मग नव्या लाव्ह्याने तिला भाजून काढले. ही पट्टी म्हणजे दोन उद्रेकांमधील विश्रांतीची नोंद. ती फार तर हातभर रुंद असते, परंतु तिच्यात माणसाच्या सर्व इतिहासाहून मोठा कालावधी मावलेला असू शकतो.

येथवर सर्व काही ज्वालामुखीचेच आहे. मग हा खड्डाही ज्वालामुखीचा मानण्यात चूक कोणती? एकोणिसाव्या शतकातील विद्वानांनी तसेच मानले होते. सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये या जागेची नोंद केली, आणि त्यानंतर शतकभर लोणारकडे ज्वालामुखीचे मुख किंवा भूगर्भातील वायूच्या स्फोटाने झालेला खड्डा म्हणूनच पाहिले गेले. चहूकडे लाव्ह्याचाच दगड असताना दुसरा विचार सुचणेही कठीण होते. अमेरिकी भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये ॲरिझोनातील प्रसिद्ध विवराशी लोणारचे साम्य दाखवले, पण त्या वेळी ते स्वतः ॲरिझोनाचे विवरही वाफेच्या स्फोटाने झाले असे मानत होते. थोर माणसाचे निरीक्षण अचूक आणि निष्कर्ष मात्र उलटा, असे शास्त्रात अनेकदा घडले आहे.

ज्वालामुखीच्या मुखात खरोखरच तयार झालेले तळे कसे असते, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील ओरेगन राज्याचे ‘क्रेटर लेक’ हे उत्तम उदाहरण आहे. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी तेथील माझामा पर्वताचा प्रचंड उद्रेक झाला, पोटातील लाव्हा रिकामा झाला आणि पर्वताचा माथाच आत कोसळला. त्या खळग्यात पाऊस आणि बर्फाचे पाणी साचून जवळजवळ सहाशे मीटर खोल, निळेशार, गोड पाण्याचे सरोवर झाले. तेथे काठाकाठाने चालताना राख आणि पाण्यावर तरंगणारा हलका प्यूमिस दगड पावलोपावली सापडतो. सरोवरातच नंतरच्या उद्रेकाने वर आलेला शंकूच्या आकाराचा डोंगर बेट होऊन उभा आहे. लोणारला यातले काहीच नाही. या विवराशी जोडता येईल अशी राख नाही, प्यूमिस नाही, शंकू नाही. आणि सर्वांत मोठी अडचण काळाची : दख्खनचे उद्रेक थांबून सहा कोटींहून अधिक वर्षे लोटली, तर हे विवर कोणत्याही मोजणीने सहा लाख वर्षांपलीकडे जात नाही. भट्टी विझून युगे लोटल्यावर तिच्यात पोळी भाजली गेली, असे कोणी म्हणावे तसे ते होईल.

याउलट आकाशातून आलेल्या आघाताची साक्ष काठापासूनच मिळू लागते. दख्खनचे थर सर्वत्र जवळजवळ आडवे असतात. लोणारच्या काठावर मात्र ते विवरापासून बाहेरच्या दिशेला कललेले आहेत, जणू कोणी जमिनीत मूठ आपटली आणि कडा वर उचलल्या गेल्या. सुरुवातीला वाटाड्याने दाखवलेला गोल बांध तो हाच. त्याच्यावर उडालेल्या दगडमातीचे आवरण आहे आणि ते विवराबाहेर किलोमीटरभर पसरलेले आहे.

तरीही निर्णायक पुरावा मिळण्यास १९७०चे दशक उजाडावे लागले, आणि त्या विलंबाचे कारणही याच दगडात दडले आहे. ॲरिझोनातील विवर वालुकाश्मात आहे. वालुकाश्मात गारगोटीचे कण असतात, आणि प्रचंड दाबाखाली गारगोटीचे कोएसाइट नावाचे वेगळे खनिज बनते. ते सापडले आणि तेथील वाद मिटला. बसाल्टमध्ये गारगोटी जवळजवळ नसते. म्हणून साक्षीदार दुसरा शोधावा लागला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तळ्याच्या पात्रात छिद्रे घेतली. वरचा सुमारे शंभर मीटर गाळ पार केल्यावर फुटलेल्या, चिरडलेल्या दगडांचे थर लागले. त्या दगडांतील फेल्स्पार या खनिजाची काच झालेली होती, आणि तीही न वितळता. स्फटिकाचा बाह्य आकार तसाच, पण आतील रचना पूर्ण मोडलेली. यासाठी वातावरणाच्या जवळजवळ तीन लाख पट दाब एका क्षणात पडावा लागतो. कोणताही ज्वालामुखी असा दाब निर्माण करू शकत नाही. कुर्ट फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या भारतीय व अमेरिकी सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष १९७३ मध्ये प्रसिद्ध केले आणि लोणार हे बसाल्टमधील आघात विवर म्हणून जगन्मान्य झाले.

या काचेचे नाव मस्केलिनाइट. ती प्रथम ओळखली गेली तीही भारतात पडलेल्या एका दगडात. बिहारमधील गया जिल्ह्यात शेरघाटी येथे २५ ऑगस्ट १८६५ रोजी एक अशनी कोसळला होता. त्याचा अभ्यास करताना गुस्ताव चेर्माक यांना १८७२ मध्ये ही काच सापडली. तो दगड मंगळावरून आलेला होता, हे पुढे शंभरहून अधिक वर्षांनी समजले. लोणारवर पडलेल्या अशनीचा एखादा मोठा तुकडा मात्र कोणाच्या हाती लागलेला नाही. इतक्या वेगाने आदळणारी वस्तू स्वतः बहुतांशी वाफ होऊन जाते. आरोपी फरार आणि ठसे शिल्लक, अशी ही स्थिती आहे.

लोणार हे बसाल्टमधील जगातील एकमेव विवर, असे फलकांवर आणि पुस्तिकांत सर्रास लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. ब्राझीलमध्ये वार्जेआँव आणि व्हिस्टा अलेग्रे ही अशी विवरे आहेत; मात्र ती फार झिजलेली आहेत. इतके ठसठशीत टिकलेले विवर बसाल्टमध्ये लोणारचेच, आणि चंद्र व मंगळाचा पृष्ठभागही मोठ्या प्रमाणात बसाल्टचा असल्याने तेथील विवरे समजून घेण्यासाठी अभ्यासक येथे येतात. खरी प्रशस्ती एवढी मोठी असताना खोटी जोडण्याचे कारण काय?

धारेजवळ गोमुखातून गोड पाण्याचा झरा अखंड वाहतो. तेथून पायवाट झाडीतून उतरते. मोर, वानरे आणि माकडांहून धीट पर्यटक वाटेत भेटतात. चिंचेची झाडे मागे पडून बाभळींचा पट्टा सुरू झाला की पाण्याचा उग्र वास येऊ लागतो. हे पाणी खारे आणि तीव्र अल्कधर्मी आहे. त्याचा सामू दहाच्या आसपास असतो. काठावरचे झरे गोड आणि तळे खारे, हे कोडे व्यापारी माणसाला लवकर उलगडते. तळ्याला पाणी येण्याच्या वाटा आहेत, बाहेर जाण्याची वाट नाही. पाणी फक्त उन्हाने उडते. झऱ्यांबरोबर बसाल्टमधून विरघळून येणारा क्षार जमेला पडत राहतो, खर्ची काहीच पडत नाही, आणि दरवर्षी शिल्लक पुढे ओढली जाते. हजारो वर्षांची ही साठलेली शिल्लक म्हणजे लोणारचे पाणी. पापडखारात जो सोडा असतो, त्याच जातीचा हा क्षार.

त्याचा व्यापारही होत असे. अकबराच्या काळातील ‘ऐन-ए-अकबरी’त लोणारचा उल्लेख आहे आणि काच व साबण तयार करण्याचे द्रव्य येथे मिळते, अशी नोंद आहे. उन्हाळ्यात पाणी हटले की काठावर क्षाराची पापुद्री जमे. ती खरवडून प्रतवारी केली जाई. डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी तिच्या प्रकारांची नावे ब्रिटिशकालीन कागदपत्रांत आढळतात. कापडावर रंग पक्का करण्यासाठीही तो वापरला जाई. कारखान्यातील सोडा स्वस्त झाल्यावर हा धंदा बसला. आज काठावर तो पांढरा थर पाहताना, एकेकाळी याच थराला बाजारभाव होता हे वाटाड्याने सांगितले नाही तर कोणाला कळणारही नाही.

तळ्याचा घेर सुमारे चार किलोमीटर आहे, मात्र तो पूर्ण चालता येईलच असे नाही. पाण्याची पातळी वर-खाली होत असल्याने वाट कधी कोरडी असते, कधी बुडालेली. काठावर यादवकाळाच्या आगेमागे बांधलेली मंदिरे झाडीत उभी आहेत. काहींचे दगड निखळले आहेत. कमळजादेवीच्या मंदिराजवळची सासू-सुनेची विहीर सगळेच दाखवतात. तिच्या एका बाजूचे पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचे खारे, असे सांगतात. विवराच्या भिंतीतून येणारा झरा आणि तळ्याचा पाझर जेथे भेटतात, तेथे असे घडणे अशक्य नाही. नाव कोणी दिले ते ठाऊक नाही, परंतु देणाऱ्याला घरसंसाराची चांगली माहिती असावी.

जून २०२० मध्ये हे हिरवे पाणी अचानक गुलाबी झाले आणि लोणार देशभरच्या वृत्तपत्रांत झळकले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. उन्हाने पाणी आटून क्षारता वाढली होती आणि त्यामुळे मिठात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य असलेले सूक्ष्मजीव फोफावले होते. पाऊस पडल्यावर रंग पालटला. त्याच वर्षी लोणारला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, म्हणजे रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

ही घटना गमतीची वाटली तरी तिच्यातून एक गंभीर गोष्ट उघड होते. या तळ्यातील जीवसृष्टी जमाखर्चाच्या त्या नाजूक ताळ्यावर जगते. गोडे पाणी जास्त आले तर क्षार पातळ होतो. तेथे दुसरीकडे न आढळणारे सूक्ष्मजीव आहेत, त्यांचा आधार जातो. गावातील सांडपाणी अनेक वर्षे उताराने याच तळ्यात येत होते. आसपासची शेती, कपडे धुणे, मंदिरातील निर्माल्य यांची भर वेगळी. या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका चालली आणि न्यायालयाने वेळोवेळी आदेश दिले. ज्या विवराला निसर्गाने टिकवले, त्याचे रक्षण करण्यासाठी न्यायालयाला सांगावे लागले. विवर अभयारण्य आहे आणि राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकही; त्यामुळे येथील दगड, काचेचा कण किंवा झाडाची फांदी घरी नेणे कायद्याने निषिद्ध आहे. पिशवीत घातलेला दगड कपाटात शोभेची वस्तू होतो. जागेवर तो पुरावा असतो.

परतीचा चढ तासाभराचा आहे. उन्हाळ्यात तो करू नये. हिवाळ्यातील सकाळ उत्तम. ज्येष्ठांनी काठावरूनच थर पाहावेत, त्यातही पुष्कळ समजते. पाणी बरोबर न्यावे, कारण खाली भरपूर पाणी असूनही पिण्याजोगे एक घोटही नाही.

वर आल्यावर वाटाड्याला विवराचे वय विचारले तर तो हमखास ‘पन्नास हजार वर्षे’ म्हणतो. हे उत्तर काचेत साठलेल्या ऊर्जेच्या मोजणीवरून आलेले आहे. ती मोजणी सुमारे ५२,००० वर्षे सांगते. २०११ मध्ये आरगॉन वायूच्या मोजणीवरून मात्र सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे हे वय प्रसिद्ध झाले. दोन हिशेबांत दहापटीचा फरक आहे आणि तो अजून मिटलेला नाही.

विवरापासून सुमारे सातशे मीटरवर अंबर तळे नावाचा दुसरा, लहान खळगा आहे. मोठ्या अशनीबरोबर आलेल्या तुकड्याने तो झाला, असे बरीच वर्षे मानले गेले. काही अभ्यासकांना मात्र तेथे आघाताची खूण सापडली नाही आणि तो माणसाने खोदलेला असावा असे त्यांचे मत आहे. जवळच निद्रिस्त मारुतीचे मंदिर आहे. मूर्तीचा दगड आकाशातून आलेला असल्याचे सांगितले जाते, आणि वाटाडे खिशातून होकायंत्र काढून सुई कशी भरकटते ते दाखवतात. त्यांच्यातला एखादा जाणता मात्र होकायंत्र घेऊन बाजूच्या शेताच्या बांधावर जातो, तेथील साध्या काळ्या दगडाजवळ धरतो आणि सुई तेथेही हलते. बसाल्टमध्येच चुंबकीय लोहखनिज असते. हे दाखवून झाल्यावर तो काही बोलत नाही. होकायंत्र मुलांच्या हातात देतो.